दवाखान्याचं बिल आणि पीएफचे पैसे: मोबाइलवरून क्लेम नेमका कसा पास होतो?

सॅलरी स्लिपवर दर महिन्याला एक ओळ असते. पीएफ, वजा अमुक रुपये. नोकरी लागून दोन-तीन वर्षं झालेल्या कुणालाही विचारा, ‘तुझे पीएफमध्ये किती जमलेत?’ बहुतेकांना आकडा सांगता येत नाही. आयफोनचा ईएमआय किती राहिलाय ते पैशापर्यंत पाठ असतं, पण हे पैसे म्हणजे ‘म्हातारपणी मिळतील तेव्हा बघू’ अशा खात्यात टाकलेले.

आणि मग एक दिवस घरातून फोन येतो. वडिलांना ॲडमिट केलंय, दवाखाना डिपॉझिट मागतोय. अशा वेळी कुणीतरी म्हणतं, ‘अरे, पीएफमधून काढ की!’

काढता येतात, अगदी कायदेशीरपणे, नोकरी चालू असताना आणि मोबाइलवरून. ‘पीएफ लोन’ हा शब्द आपल्याकडे रुळलाय, पण हे लोन अजिबात नाही. यावर व्याज लागत नाही आणि पैसे परत भरायचे नसतात. ईपीएफओच्या भाषेत हा ‘ॲडव्हान्स’ आहे, म्हणजे तुमचेच पैसे तुम्हाला वेळेआधी मिळतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे नातेवाइकांत ‘ऑनलाइनचं काहीही असलं की याला विचारा’ हे खातं माझ्याकडेच आलंय. गेल्या काही वर्षांत मित्रांचे, भावंडांचे बरेच पीएफ क्लेम शेजारी बसून भरले. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. फॉर्म भरायला दहा मिनिटं पुरतात. पैसे चार दिवसांत येणार की चाळीस, हे तो फॉर्म उघडण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. ते कसं, हेच आज समजून घेऊ.

पैसे नक्की कुठे पडलेले असतात?

तुमच्या बेसिक आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम तुमच्या पगारातून कापली जाते. कंपनीही १२ टक्के भरते, पण ते सगळे पीएफमध्ये जात नाहीत. कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत वळतात. ही पेन्शनची रक्कम जास्तीत जास्त १५,००० रुपये पगारावर मोजतात, म्हणजे महिन्याला कमाल १,२५० रुपये. उरलेली रक्कम पीएफमध्ये.

पासबुक उघडलं की म्हणूनच तीन रकाने दिसतात: कर्मचाऱ्याचा वाटा, कंपनीचा वाटा आणि पेन्शन. आजारपणासाठी ॲडव्हान्स घेताना पेन्शनच्या रकान्याकडे बघायचंच नाही. ते पैसे यात येत नाहीत. पासबुकाच्या तळाशी मोठी बेरीज बघून खूश झालेल्या मंडळींचा इथेच हिरमोड होतो.

नियम काय म्हणतो?

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना १९५२ सालची आहे. तिच्यातला परिच्छेद ६८-जे आजारपणासाठी आहे. महिनाभर किंवा जास्त काळ दवाखान्यात राहावं लागलं, मोठी शस्त्रक्रिया झाली, किंवा टीबी, कुष्ठरोग, अर्धांगवायू, कॅन्सर, मानसिक आजार, हृदयविकार यांपैकी काही असेल तर पैसे मिळतात. यादी जुनी आहे आणि तिच्या भाषेवरून ते कळतंही. साध्या तापासाठी, दात बसवण्यासाठी किंवा चष्म्यासाठी हा मार्ग नाही.

आजारी कोण असावं? तुम्ही स्वतः, नवरा किंवा बायको, मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील. भाऊ-बहीण यात बसत नाहीत. एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. पीएफ खातं बाईचं असेल तर तिच्यावर अवलंबून असलेले सासू-सासरेही ‘कुटुंबा’त मोजले जातात. पुरुषाच्या खात्यात मात्र त्याचे सासू-सासरे येत नाहीत. म्हणजे वहिनी आपल्या सासूच्या ऑपरेशनसाठी पैसे काढू शकते, जावई सासूसाठी नाही. १९५२ सालच्या समाजाचा फोटोच आहे हा, पण नियम आहे.

आता किती मिळतात ते. ६८-जे नुसार दोन आकडे काढायचे: सहा महिन्यांचं बेसिक अधिक महागाई भत्ता, आणि तुमच्या स्वतःच्या वाट्याची व्याजासह रक्कम. यातला जो कमी, तेवढे मिळतात.

उदाहरण घेऊ. बेसिक २०,००० रुपये, म्हणजे महिन्याला २,४०० रुपये कपात. नोकरीला तीन वर्षं झाली, बेसिक वाढलं नाही असं धरू. ८.२५ टक्के व्याजाने तुमच्या वाट्याचे साधारण ९७,००० रुपये होतात. सहा महिन्यांचं बेसिक १ लाख २० हजार. कमी कोणतं? ९७,०००. हे सगळे काढता येतील. चार वर्षं झाली की तुमचा वाटा १ लाख ३५ हजारांच्या आसपास जातो, पण मर्यादा १ लाख २० हजारांवरच अडकते. पगारात बेसिक कमी आणि बाकीचे भत्ते जास्त दाखवणाऱ्या कंपनीत असाल, तर ही मर्यादा आणखी खाली येते. हातात येणारा पगार वेगळा आणि हे बेसिक वेगळं, हे लक्षात ठेवा.

पण चित्र बदलतंय. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने पैसे काढण्याच्या १३ वेगवेगळ्या तरतुदी एकत्र करायचा निर्णय घेतला. त्यात आजारपण, शिक्षण आणि लग्न ‘अत्यावश्यक गरजा’ या गटात टाकले. कंपनीचा वाटाही काढता येईल, फक्त २५ टक्के रक्कम खात्यात राहिली पाहिजे, असं त्यात ठरलं. वरच्याच उदाहरणात कंपनीही पूर्ण बेसिकवर १२ टक्के भरत असेल, तर तिच्या वाट्याचे व्याजासह ४६ हजारांच्या पुढे जमलेले असतात. दोन्ही मिळून सुमारे १ लाख ४४ हजार, त्यातले साधारण १ लाख ८ हजार काढता येतील. म्हणजे ९७ हजारांपेक्षा थोडे जास्त.

यात एक पाचर आहे, ती बातम्यांच्या मथळ्यांत आली नाही. जुन्या ६८-जे मध्ये किमान नोकरीची अटच नव्हती. चार महिन्यांपूर्वी लागलेला मुलगाही अर्ज करू शकायचा. मंडळाच्या निर्णयात सगळ्यांसाठी किमान १२ महिने नोकरी अशी एकच अट आहे. जुन्या कर्मचाऱ्याला फायदा, पण नव्याने लागलेल्याला आजारपणातही थांबावं लागणार. मला हे पटत नाही. आजार कुणाची सर्व्हिस बघून येत नाही.

मंडळाचा निर्णय आणि प्रत्यक्ष लागू असलेला नियम यांत फरक असू शकतो. म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या आकड्यांपेक्षा, अर्ज करायच्या दिवशी फॉर्म उघडल्यावर स्क्रीनवर जी रक्कम दिसते ती खरी मानायची.

तुमचा क्लेम माणूस वाचत नाही, मशीन वाचतं

हा भाग माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे जरा सविस्तर.

पूर्वी या ॲडव्हान्ससाठी डॉक्टरांचं आणि कंपनीचं प्रमाणपत्र लागायचं. घरात माणूस आजारी आणि आपण सही-शिक्क्यासाठी एचआरच्या मागे. एप्रिल २०१७ मध्ये ही अट काढली आणि तुमचं स्वतःचं घोषणापत्र पुरेसं मानलं जाऊ लागलं. एप्रिल २०२० मध्ये पुढचं पाऊल पडलं, ऑटो सेटलमेंट. सुरुवातीला आजारपणाचे ५०,००० रुपयांपर्यंतचे क्लेम यात येत. २०२४ मध्ये ही मर्यादा १ लाख झाली आणि जून २०२५ मध्ये ५ लाख.

ऑटो सेटलमेंट म्हणजे तुमचा अर्ज कुठल्याही टेबलावर जात नाही. सिस्टिम काही तपासण्या करते: आधार जोडलंय का, पॅन आणि बँक खातं पडताळलेलं आहे का, तुम्ही मागितलेली रक्कम नियमात बसते का. सगळ्याचं उत्तर ‘हो’ आलं की पैसे सोडायची आज्ञा थेट बँकेकडे जाते. २०२४ साली ही सोय वाढवताना सरकारनेच सांगितलं होतं की दहा दिवसांचं काम आता तीन-चार दिवसांत होईल.

एका जरी तपासणीत ‘नाही’ आलं तर? क्लेम लगेच फेटाळला जात नाही. तो माणसाकडे, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या तपासणीसाठी जातो. तिथे रांग असते आणि रांगेत तुमच्यासारखे खूप जण असतात.

आता प्रोग्रामर म्हणून एक गोष्ट सांगतो. दोन नावं एकाच माणसाची आहेत हे तुम्हाला-मला डोळ्यांनी कळतं. मशीनसाठी नाव म्हणजे अक्षरांची माळ. एका ठिकाणी आधी आडनाव, दुसरीकडे शेवटी. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण, दुसरीकडे फक्त आद्याक्षर. ‘व’ साठी शाळेच्या दाखल्यावर व्ही, आधारवर डब्ल्यू. ही माळ जुळली नाही की मशीनच्या लेखी हे दोन वेगळे लोक. आपल्या मराठी नावांची रचना, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, अशा प्रत्येक फॉर्ममध्ये वेगवेगळी कोंबली जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा त्रास तर दुप्पट: पीएफ माहेरच्या नावाने, आधार सासरच्या, आणि बँकेत तिसरंच काहीतरी.

माझा मामेभाऊ चाकणला एका कारखान्यात आहे. २०२३ मध्ये मामांना सांगलीत अर्धांगवायूचा झटका आला. कंपनीचा आरोग्य विमा होता, पण त्यात आई-वडील नव्हते. दवाखान्याने आधी ६०,००० रुपये भरायला सांगितले. पीएफमध्ये तेवढे होते आणि अर्धांगवायू यादीतही होता. आम्ही दोघं दवाखान्याच्या जिन्यात बसून पोर्टल उघडलं तर पुढे जाताच येईना, कारण त्याचं आधारच पडताळलेलं नव्हतं. नोकरी लागताना कंपनीतल्या कुणीतरी आडनावाच्या जागी वडिलांचं नाव टाकलं होतं. चार वर्षं ते तसंच होतं आणि चार वर्षं त्याला कुणी विचारलंही नव्हतं. नाव दुरुस्तीचा अर्ज केला, तो कंपनीच्या मंजुरीतून जायचा होता आणि मंजुरी देणारी व्यक्ती रजेवर. नाव सुधारून यायला एकोणीस दिवस लागले. त्यानंतर भरलेला क्लेम पाचव्या दिवशी खात्यात जमा. तोपर्यंत मामीच्या पाटल्या सांगलीतच गहाण पडल्या होत्या.

पाच दिवस क्लेमचे आणि एकोणीस दिवस नावाचे. हे प्रमाण मला नंतरही बऱ्याच ठिकाणी दिसलं.

घरात सगळे ठणठणीत असताना हे बघून ठेवा

सगळ्यात आधी यूएएन, म्हणजे बारा आकडी क्रमांक. तो सॅलरी स्लिपवर असतो. तो ॲक्टिव्हेट केलेला नसेल तर उमंग ॲपमधून चेहरा दाखवून करता येतो. बरेच जण इथेच थांबलेले असतात, क्रमांक आहे पण लॉगिन कधी केलंच नाही.

दुसरं, आधारला जोडलेला मोबाइल नंबर. क्लेमच्या शेवटी येणारा ओटीपी आधारच्या नंबरवर जातो, पीएफमधल्या नंबरवर नाही. कॉलेजमध्ये असताना घेतलेलं स्वस्तातलं सिम आधारला जोडलं होतं, नंतर ते फेकून दिलं, हा किस्सा घरोघरी आहे. तो नंबर बंद असेल तर बाकी सगळं बरोबर असूनही क्लेम सबमिट होत नाही. आधार केंद्रात किंवा पोस्टाच्या माणसाकडून तो बदलून घेता येतो, पण त्यालाही वेळ लागतो. जुना नंबर बंद होऊन दुसऱ्याला मिळाला असेल तर आणखीच वाईट, कारण तुमचा ओटीपी मग भलत्याच माणसाला जातो.

तिसरं बँक खातं. लॉगिन करून केवायसीच्या पानावर बघा, कोणतं खातं दिसतंय? पहिल्या कंपनीने उघडून दिलेलं सॅलरी खातं असेल आणि ते तुम्ही बंद केलं असेल, तर पैसे तिकडे जायचा प्रयत्न करतील आणि परत फिरतील. देना बँक, सिंडिकेट बँक, कॉर्पोरेशन बँक अशा विलीन झालेल्या बँकांत खातं होतं त्यांनी आयएफएससी कोड खास तपासावा. कोड बदललेला असतो. एप्रिल २०२५ पासून दोन गोष्टी सोप्या झाल्यात. बँक खातं जोडायला कंपनीची मंजुरी लागत नाही आणि क्लेम भरताना चेकचा किंवा पासबुकचा फोटोही अपलोड करावा लागत नाही. अंधुक फोटोमुळे किती क्लेम परत यायचे, ते ज्यांनी भरलेत त्यांना माहीत आहे.

चौथं नाव, जन्मतारीख आणि लिंग. पीएफ, आधार, पॅन आणि बँक या चारही ठिकाणी शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर वाचा. मामेभावाला जे भोगावं लागलं ते आता बरंच कमी झालंय. जानेवारी २०२५ पासून, ज्यांचा यूएएन १ ऑक्टोबर २०१७ नंतर आधारसह निघालाय त्यांना नाव, जन्मतारीख, नोकरीला लागल्याची आणि सोडल्याची तारीख असे तपशील कागद न जोडता स्वतःच ऑनलाइन दुरुस्त करता येतात. त्याआधीचा यूएएन असेल किंवा आधारच पडताळलेलं नसेल तर मात्र अजून कंपनीच्या दारात जावं लागू शकतं. म्हणूनच ते आज करायचं काम आहे.

पाचवं, जुन्या कंपन्या. आयटीत असाल तर तिशीच्या आत तीन-चार नोकऱ्या होतातच. यूएएन एकच असला तरी प्रत्येक कंपनीचं पीएफ खातं वेगळं असतं आणि पैसे आपोआप एकत्र येतीलच असं नाही. सर्व्हिस हिस्ट्रीत जा. जुन्या कंपनीपुढे नोकरी सोडल्याची तारीख रिकामी दिसत असेल तर ती भरून घ्या, आणि जुने पैसे चालू खात्यात ट्रान्सफर करा. नाहीतर अडचणीच्या दिवशी समजतं की अडीच लाख आहेत, पण चालू खात्यात चाळीसच हजार.

घरात कुणाकडे स्मार्टफोन नसेल तर शिल्लक एसएमएसवरही कळते. नोंदवलेल्या मोबाइलवरून ७७३८२९९८९९ या नंबरला इंग्रजी अक्षरांत ईपीएफओएचओ, मग जागा सोडून यूएएन, पुन्हा जागा सोडून एमएआर असं लिहून पाठवायचं. शेवटच्या तीन अक्षरांमुळे उत्तर मराठीत येतं. आमच्या कारखान्यातल्या काकांना मी हेच शिकवलंय.

प्रत्यक्ष फॉर्म भरताना

ईपीएफओच्या मेंबर पोर्टलवर किंवा उमंग ॲपमध्ये लॉगिन करा. पोर्टलवर ‘ऑनलाइन सर्व्हिसेस’ मध्ये क्लेमचा पर्याय आहे. आधी बँक खात्याचा पूर्ण क्रमांक टाकून पडताळावा लागतो, मग घोषणापत्राला ‘हो’ म्हणायचं. पुढच्या पानावर ‘पीएफ ॲडव्हान्स (फॉर्म ३१)’ निवडा. कारणाच्या यादीतून आजारपण, मग रक्कम आणि पत्ता. शेवटी आधार ओटीपी. झालं.

रक्कम टाकताना दोन्ही बाजूंनी घाई नको. जेवढी कमाल दिसते तेवढी सगळी काढायची गरज नसते. पण उद्या परवा अजून लागणार हे स्पष्ट दिसत असताना अगदी तोकडी मागणेही बरोबर नाही, कारण प्रत्येक क्लेमला पुन्हा तेच तीन-चार दिवस.

अर्जासोबत दवाखान्याचे कागद जोडावे लागत नाहीत म्हणून ते फेकून देऊ नका. डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि पावत्या यांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. तुम्ही घोषणापत्र दिलंय, त्यामागे काहीतरी असायला हवं. ‘आजारपण’ टिक करून गोव्याची ट्रिप किंवा बाइक घेणारे लोक मला माहीत आहेत. खोट्या कारणाने काढलेले पैसे वसूल केले जाऊ शकतात, असा इशारा ईपीएफओने २०२५ मध्ये जाहीरपणे दिला आहे. त्याहून साधी गोष्ट म्हणजे, खरंच गरज पडेल त्या दिवशी खातं रिकामं असेल.

आणि एक व्यवहार. दवाखान्याला ‘पीएफचा क्लेम टाकलाय’ हे सांगून डिपॉझिट थांबत नाही. सगळं सुरळीत असलं तरी हे पैसे त्याच रात्री येत नाहीत. पहिल्या दोन-तीन दिवसांची सोय दुसरीकडून करावी लागते. हा मार्ग पहिल्या रात्रीचं डिपॉझिट भरायला अपुरा पडतो. खरा उपयोग होतो तो पाचव्या दिवसाच्या बिलाला, नंतरच्या औषधांना आणि फिजिओथेरपीला.

त्याआधी हे दरवाजे ठोठावलेत का?

पीएफ मोडायच्या आधी थोडं थांबून बघा, कारण कधीकधी गरजच नसते. तुमचा पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कंपनी ईएसआयसीमध्ये असेल, तर तुमच्यावर आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबावर तिथे उपचार होतात. पहिल्या नोकरीतली कितीतरी मुलं दर महिन्याला ईएसआयची कपात भरतात आणि ते कार्ड कधी काढत नाहीत. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर त्यात कोण-कोण आहे हे आजच विचारा, विशेषतः आई-वडील आहेत का. महाराष्ट्रात असाल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मिळतात. योजनेतल्या दवाखान्यात ‘आरोग्यमित्र’ बसतो, ॲडमिट करतानाच त्याला गाठायचं, डिस्चार्जच्या दिवशी नाही. धर्मादाय दवाखान्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. हे विचारायला लाजू नका. स्वतःहून क्वचितच कुणी सांगतं.

पीएफऐवजी घरात कुणाचं पीपीएफ असेल तर तेही गंभीर आजारासाठी पाच वर्षांनंतर मुदतीआधी बंद करता येतं, व्याजदरात १ टक्का कापून.

पीएफ काढण्याची खरी किंमत आज दिसत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी काढलेले १ लाख, व्याजदर ८.२५ टक्केच राहिला असं धरलं, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी १० लाख ७५ हजारांच्या पुढे गेले असते. पण म्हणून वडील आयसीयूत असताना महिना ३ टक्क्यांनी सावकाराकडून उचलायचे किंवा लोन ॲपच्या नादी लागायचं, हे गणित त्याहून वाईट आहे. ८.२५ टक्के कमावणारे पैसे वाचवण्यासाठी वर्षाला ३६ टक्के मोजण्यात काही अर्थ नाही. मी स्वतः अशा वेळी पीएफला हात लावेन, आणि नंतर जमेल तेव्हा ऐच्छिक पीएफ म्हणून कपात थोडी वाढवून घेईन.

एजंट, ओटीपी आणि अडकलेला क्लेम

औद्योगिक वसाहतींच्या बाहेर ‘पीएफ काढून मिळेल’ असे बोर्ड दिसतात. काही जण खरोखर फक्त फॉर्म भरून देतात. काही जण रकमेचा टक्का मागतात, आणि काही तुमचा नोंदवलेला मोबाइल नंबरच बदलून टाकतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हाला त्यांच्याकडेच जावं लागतं. ईपीएफओकडून कुणीही फोन करून आधार, पासवर्ड किंवा ओटीपी विचारत नाही. घरात आजारपण आहे हे कळल्यावर असे फोन जास्त खरे वाटतात, म्हणून घरातल्या सगळ्यांना हे आधीच सांगून ठेवा.

क्लेम टाकल्यावर ‘ट्रॅक क्लेम स्टेटस’ मध्ये रोज एकदा बघा. फेटाळला गेला तर तिथे कारण लिहिलेलं असतं. ते त्रोटक असतं, पण असतं. ते न वाचता तोच अर्ज पुन्हा-पुन्हा टाकणारे लोक तीच भिंत तीन-तीनदा धडकतात. आधी कारण दुरुस्त करा, मग नवा अर्ज.

आणि काहीच हललं नाही तर? पूर्ण भरलेला क्लेम २० दिवसांत निकाली काढायचा, असं योजनेच्या परिच्छेद ७२ मध्ये लिहिलंय. पुरेसं कारण नसताना उशीर झाला तर १२ टक्के दराने दंडव्याज लावता येतं आणि ते आयुक्तांच्या पगारातून कापता येतं, असंही तिथेच आहे. तक्रार ईपीएफआयजीएमएस या पोर्टलवर यूएएन टाकून करायची. तक्रारीत कहाणी लांबवू नका. क्लेम क्रमांक, अर्जाची तारीख, किती दिवस झाले आणि ‘परिच्छेद ७२’ एवढं चार ओळींत लिहा आणि दवाखान्याच्या कागदाचा फोटो जोडा. तक्रार नोंदवल्यावर एक क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, पुढे पाठपुरावा करताना आधी तोच विचारतात.